फाडलेलीं मुखपृष्ठें

श्रोतेहो, चित्रकलेचा विषय निघाला कीं आपणांस कलादालनें आठवतात, सोनेरी चौकटी आठवतात. आज मी ज्या चित्रांविषयीं बोलणार आहें, त्यांच्या नशिबीं चौकट क्वचितच आली. तीं रेल्वेच्या फलाटावर सुतळीला अडकवून टांगलीं जात, महिनाभर मिरवत, आणि पुढील अंक आला कीं रद्दीच्या तराजूंत पडत. मासिकांचीं व रहस्यकथांचीं जुनीं मुखपृष्ठें हा तो विषय. त्यांचा मी लहानपणापासूनचा भक्त आहें. तेव्हां माझ्या बोलण्यांत थोडा पक्षपात आढळल्यास श्रोत्यांनीं तो क्षम्य मानावा.

माझें गांव पाली, राजगडाच्या पायथ्याचें. गडाचा पाली दरवाजा तो आमच्याच बाजूचा. माझ्या लहानपणीं, म्हणजे १९७० च्या आगेंमागें, आमच्या घरीं रंगीत चित्र म्हणून जें दिसे तें दोनच ठिकाणीं: देवघराशेजारच्या कॅलेंडरावर, आणि शिमग्याला मुंबईहून आलेल्या माणसांच्या ट्रंकेंत. आमचे काका-मामा वाचून झालेले अंक बरोबर आणीत. आंतील गोष्टी वडील माणसें वाचीत. मुखपृष्ठ आम्हां मुलांच्या वाट्यास येई. कोणी तें ट्रंकेच्या झांकणाला आंतून खळीनें चिकटवी, कोणी भूगोलाच्या पुस्तकाला कव्हर म्हणून घाली. चेहऱ्यावर उजेड कोठून पडला आहे, सावली कोणत्या बाजूस गेली आहे, हें मी प्रथम पाहावयास शिकलों तें त्या भूगोलाच्या कव्हरावर.

मराठी घरांत सचित्र मासिकाची गोडी लावण्याचें श्रेय काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकास द्यावें लागेल. तें १८९५ सालीं निघालें, आणि १९०९ सालचा त्याचा दिवाळी अंक मराठींतील पहिला मानला जातो. पुढें दिवाळीचा फराळ आणि दिवाळी अंकाचें रंगीत मुखपृष्ठ हीं जणूं जोडीनेंच घरांत येऊं लागलीं. या कलेला खरा बहर आला तो १९४० नंतरच्या तीस वर्षांत, आणि त्याचें मोठें श्रेय दोन चित्रकारांकडे जातें: दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) आणि रघुवीर मुळगांवकर (१९१८–१९७६). दोघेहि मूळचे गोमंतकाचे. दोघांनींहि नांव मिळविलें तें मुंबईंत.

दलालांनीं १९४५ सालीं स्वतःचा ‘दीपावली’ अंक सुरू केला. चित्रकारच अंकाचा धनी झाल्यावर चित्रास पाहुण्याचें नव्हे, तर यजमानाचें स्थान मिळालें. दलालांचें बळ रेषेंत होतें. एका वळणांत ते मानेचा डौल आणि मनाचा भाव दोन्ही पकडीत. मुळगांवकरांचें बळ छटेंत. त्यांच्या चित्रांतील एक रंग दुसऱ्यांत कोठें विरला हें बोट ठेवून दाखवितां येत नाहीं. त्यांचीं देवादिकांचीं चित्रें कॅलेंडरांवरून घरोघर पोंचलीं आणि पुष्कळ ठिकाणीं चक्क पूजेस लागलीं. त्याच मुळगांवकरांनीं बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांसहि मुखपृष्ठें दिलीं. अर्नाळकरांनीं हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड हीं नांवें न ऐकलेला त्या पिढींतील वाचक विरळा. ज्या कुंचल्यानें लक्ष्मीच्या मुखावरील प्रसन्नता रंगविली, त्याच कुंचल्यानें अंधारांत लपलेल्या माणसाचे डोळेहि रंगविले. एकाच भिंतीवर देव आणि दरोडेखोर शेजारीं नांदत, आणि कोणास त्यांत वावगें वाटत नसे.

आतां हीं चित्रें छापलीं कशीं जात, तें पाहूं. कारण त्यांच्या रूपाचें अर्धें रहस्य त्यांत आहे. चित्रकार मूळ चित्र छापावयाच्या आकाराहून बहुधा मोठें काढी. त्याचे निरनिराळ्या रंगांच्या कांचांतून चार वेळां फोटो घेत आणि मध्यें बारीक रेघांची जाळी ठेवीत. त्या जाळीमुळें चित्राचे असंख्य ठिपके होत. मग धातूच्या पत्र्यावर तेजाबानें कोरून पिवळा, तांबडा, निळा आणि काळा असे चार ठसे तयार करीत. छापखान्यांत त्यांस ब्लॉक म्हणत. एकच कागद या चार रंगांच्या छपाईंतून जाई. एखादा ठसा केसभर सरकला, तर नायिकेचे ओंठ गालावर जात! शाळेंतील भिंग घेऊन जुनें मुखपृष्ठ अवश्य पाहा: गुलाबी गालांत गुलाबी रंग कोठेंच नसतो, पांढऱ्या कागदावर तांबड्या-पिवळ्या ठिपक्यांची दाटी असते. पुढें ऑफसेट छपाईनें ब्लॉकांची जागा घेतली. ठिपके मात्र राहिले.

अशा छपाईंत नाजूक छटा बुडून जाण्याचें भय फार. म्हणून मुखपृष्ठकार उजेड अधिक उजळ आणि सावली अधिक गडद करी. शिवाय वर मासिकाच्या नांवासाठीं जागा सोडावी लागे. आणि चित्र पांच-सहा हातांवरून, गाडी सुटावयाच्या घाईंत असलेल्या प्रवाशाच्या नजरेस क्षणभरांत भरावें लागे. म्हणूनच तो मोठा चेहरा, समोर रोखलेले डोळे, तिरकस मांडणी, तांबड्या-पिवळ्याचा भडका. आपण ज्यास भडकपणा म्हणतों, त्यांत पुष्कळदां हिशेब असतो.

हा हिशेब केवळ आपल्याकडचा नव्हे. अमेरिकेंत लांकडाच्या लगद्याच्या हलक्या कागदावर छापलेलीं कथामासिकें १८९६ पासून निघूं लागलीं. कागद स्वस्त, कथा भरपूर, आणि वर गुळगुळीत कागदाचें झगझगीत मुखपृष्ठ, असा त्यांचा थाट. ‘अमेझिंग स्टोरीज’ या विज्ञानकथांच्या मासिकाचा पहिला अंक १९२६ सालीं निघाला. त्याचें मुखपृष्ठ फ्रँक पॉल यांचें होतें. ‘वियर्ड टेल्स’ या भयकथांच्या मासिकाचीं बहुतेक मुखपृष्ठें १९३३ पासून कांहीं वर्षें मार्गारेट ब्रंडेज या बाईंनीं खडूच्या रंगांत काढलीं. कित्येकदां आधीं चित्र तयार होई आणि लेखकास त्यावरून कथा रचावयास सांगत. छापून झाल्यावर तेथेंहि असंख्य मूळ चित्रें टाकून दिलीं गेलीं. आज उरलेल्या थोड्यांस संग्राहक हजारो डॉलर मोजतात!

यावर कोणी म्हणेल, ‘गुरुजी, हें सारें गिऱ्हाईक ओढण्याचें आमिष, यास कला कशास म्हणावें?’ आक्षेप खोटा नाहीं. पुष्कळ मुखपृष्ठांवर स्त्रीचें चित्र निव्वळ आमिष म्हणूनच घातलें जाई, आणि आंतील कथेंत तिचा पत्ताहि नसे. त्याची तरफदारी मी करणार नाहीं. परंतु बाजारासाठीं केलेली म्हणून पैठणी कलेंतून वजा होत नाहीं, आणि जत्रेंत विकावयास मांडलेलीं म्हणून लांकडी खेळणींहि होत नाहींत. मुंबईच्या कलादालनाची पायरी कधीं न चढलेल्या माणसास उजेड-सावलीची ओळख या दोन-चार आण्यांच्या कागदानें करून दिली. एवढें ज्यानें केलें, तो केवळ आमिष कसा?

आतां एक कबुली देतों. नोकरींत असतां एका शाळेच्या ग्रंथालयाचें काम माझ्याकडे होतें. जुने अंक बांधावयास देतांना बाइंडरनें विचारलें, ‘गुरुजी, हीं वरचीं पानें आणि जाहिराती ठेवायच्या कीं काढायच्या?’ खंड जाड होऊं नये म्हणून मीं म्हणालों, ‘काढून टाका.’ लहानपणीं ज्यांस खळ लावून जपलें, त्यांस मोठेपणीं मींच कात्रीखालीं दिलें. कांहीं वर्षांनीं एक जुना विद्यार्थी एका गोष्टीचा काळ शोधीत आला. खंड उघडला तों महिना नाहीं, किंमत नाहीं, चित्रकाराचें नांव नाहीं. सारें त्या फाडलेल्या पानावर गेलेलें. तो कांहीं बोलला नाहीं. मलाहि कांहीं बोलवेना.

म्हणून, श्रोतेहो, आपल्या माळ्यावर जुने अंक असतील तर एवढें करा. मुखपृष्ठ अंकापासून वेगळें करूं नका. लगद्याच्या कागदांत आम्ल असतें, त्यामुळें आंतील पानें पिवळीं पडून तुटतात. मुखपृष्ठाचा गुळगुळीत कागद अधिक टिकतो, पण पावसाळी ओल लागली कीं एकमेकांस चिकटतो. यासाठीं अंक कोरड्या जागीं आडवे ठेवा व मध्यें साधा पांढरा कागद घाला. गंजलेल्या टांचण्या हलक्या हातानें काढून दोऱ्यानें शिवा. चिकटपट्टी लावूं नका. कालांतरानें ती पिवळी पडून डाग सोडते. पुढील व मागील दोन्ही बाजूंचे फोटो घेऊन ठेवा, कारण मागच्या पानावरील साबणाची जाहिरातहि उद्यां इतिहास होईल. आणि रद्दीवाल्यास हांक मारण्यापूर्वीं एकदां जवळच्या ग्रंथालयास विचारा.

चित्राच्या कोपऱ्यांत बारीक अक्षरांत एक सही असते. भिंग हातीं असेलच, तर तीहि वाचा. माझ्या हातून त्या खंडांतून ज्या सह्या गेल्या, त्या आतां परत यावयाच्या नाहींत. आपल्या घरांतल्या तेवढ्या राहूं द्या.