केस गळाले की कुरतडले? शिकारीच्या ट्रॉफीचं निदान

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एका जुन्या संग्रहातलं बिबट्याचं डोकं तपासत होते. कानांच्या कडेला आणि ओठांभोवती रुपयाएवढी टक्कलं पडली होती. मी वहीत लिहून मोकळी झाले: 'कसर लागली आहे.' त्या एका ओळीवर विसंबून ते डोकं फ्रीझरमध्ये ठेवायच्या यादीत गेलं. गाईडनी वही पाहून एवढंच विचारलं, "केस कुठून गेलाय ते पाहिलंस का?"

नव्हतं पाहिलं. मग भिंग घेऊन बसले. किडीचा एकही पुरावा सापडला नाही. नुकसान बहुधा बिबट्या मेला त्याच दिवशीचं होतं.

तुम्ही संग्रहालयातल्या नमुन्यांवर काम करणार असाल, तर हा फरक आधीच समजून घ्या.

केस मुळासकट का सुटतो?

केस आतल्या जाड थरात थेट रोवलेला नसतो. बाह्यत्वचाच खाली वळून एक खोल खाच तयार करते आणि त्या खाचेत केस धरलेला असतो. प्राणी मेला की शरीरातली विकरं आणि जिवाणू बाह्यत्वचा व आतला थर यांच्यातली पकड सैल करू लागतात. बाह्यत्वचा सुटली की केस मुळासकट निघतो. टॅक्सीडर्मीवाले याला 'स्लिप' म्हणतात. एकदा स्लिप झाली की कातडं कितीही चांगलं कमावलं तरी तो केस परत रुजत नाही.

यावर जुना उपाय मिठाचा. मीठ कातड्यातलं पाणी ओढून घेतं आणि जिवाणूंची वाढ थांबते. पण मीठ आतपर्यंत पोचायला हवं. कान उलटा करून कूर्चेपासून सोडवला नाही, ओठ आतून चिरून उघडले नाहीत, पंजे नीट सोलले नाहीत, तर तिथे ओल राहते. म्हणून स्लिप बहुतेक वेळा कान, ओठ, पापण्या आणि पंजे इथेच दिसते. पोटाकडेही दिसते, कारण आतड्यातले जिवाणू जवळच असतात.

आता ब्रिटिश काळातली आपल्याकडची वाघाची शिकार डोळ्यांसमोर आणा. उन्हाळ्यात पाणवठे आटतात, वाघ उरलेल्या पाण्याजवळ सापडतो, म्हणून शिकारीचा मोसम ऐन उन्हाचा. हाका, गोळी, मग वाघ छावणीवर आणायचा, लांबी मोजायची, शेजारी उभं राहून फोटो काढायचा. सोलायला सुरुवात होईपर्यंत काही तास सहज जात. शिकाऱ्याला जो फोटो मिरवायचा होता, त्याच वेळात कातड्यावरचा केस सैल होत होता. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन अँड व्हॅन इंगेनसारख्या नामांकित कारखान्यात लांबलांबून कातडी यायची. पण वाटेत कुजून आलेल्या कातड्यापुढे कुशल कारागीरही काय करणार?

घाईने कडक उन्हात वाळवणं हा दुसरा घोटाळा. वरचा थर कडक होतो, आत ओल अडकते आणि कुजणं चालूच राहतं. ओलं कातडं फार तापलं तर त्यातलं कोलॅजन आकसतं. असं कातडं पुढे धड भिजत नाही, ताणायला गेलं की फाटतं.

भिंगातून काय पाहायचं?

केस मुळासकट गेला असेल आणि कातडीवर रिकाम्या खाचा दिसत असतील, तर स्लिपचा संशय घ्या. केसांचे खुंट शिल्लक असतील, ते वेगवेगळ्या उंचीवर कापल्यासारखे असतील आणि जवळ अळीच्या कातीं किंवा विष्ठेचे कण असतील, तर कीड. पण सावध राहा: काही अळ्या कातडीचा वरचा थरही खरवडतात, तेव्हा एका खुणेवर निकाल देऊ नका. केस जागेवर आहे पण फिका आणि ठिसूळ झालाय, तेही उजेडाच्या बाजूलाच, तर प्रकाशाकडे बोट जातं. केस ठीक आणि शिवण उसवलेली, तर कातडं वाळून आकसलंय का ते बघा. अस्वलासारख्या चरबीदार प्राण्यात आतली चरबी नीट काढली नसेल, तर तीच वर्षानुवर्षं कातडं जाळत राहते.

माझ्या बिबट्याच्या टकलावर खाचा रिकाम्या होत्या आणि वर रंगाने ठिपके काढलेले होते. म्हणजे टक्कल कुणीतरी पूर्वीच पाहिलं आणि झाकलं होतं. रंग ट्रॉफी बनवतानाचा की नंतरच्या डागडुजीचा, हे मात्र नुसत्या भिंगाने ठरत नाही. तेवढं मी उघडं ठेवलं.

चुकीच्या निदानाने काय बिघडतं?

किडीसाठी नमुना पिशवीत बंद करून उणे ३० अंशांवर किमान ३ दिवस ठेवतात. कीड असेल तर हा चांगला उपाय आहे. नसेल तर ठिसूळ कान, मिशा आणि जुना रंग यांची विनाकारण हाताळणी होते. उलट, खरी कीड 'जुनं नुकसान' म्हणून सोडून दिली तर ती शेजारच्या कपाटात जाते.

हाताळणीचा धोका तुम्हालाही आहे. जुन्या काळी कातड्याच्या आतल्या बाजूला आर्सेनिकचा साबण लावत. अठराव्या शतकात फ्रान्समधल्या बेकूर नावाच्या औषधविक्रेत्याने तो तयार केला आणि पुढे तो जगभर वापरला गेला. म्हणून जुन्या ट्रॉफीला हातमोजे आणि मास्क लावल्याशिवाय हात लावायचा नाही. पांढरी पूड दिसली तर फुंकर तर अजिबात मारायची नाही.

आणि एक. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मृत वाघ-बिबट्याच्या अवशेषांनाही लागू आहे. डीएनएसाठी केस हवा असेल तर संग्रहालयाला आणि वनखात्याला आधी विचारा. गळून पडलेला केससुद्धा खिशात टाकायचा नाही.

आता माझ्या वहीत दोन रकाने असतात. डावीकडे 'दिसलं', उजवीकडे 'वाटलं'. 'रिकाम्या खाचा, खुंट नाहीत' हे डावीकडे. 'स्लिप असावी' हे उजवीकडे. 'कसर लागली आहे' हे मी तेव्हा डावीकडचं समजून लिहिलं होतं. तुम्ही पहिल्या दिवसापासून दोन रकाने आखा. उजवा रकाना पुढे बदलता येतो. डावा रिकामा राहिला, तर बदलायला काहीच उरत नाही.