लेथच्या आधी जमीन

सोव्हिएत सहकार्याने उभ्या राहिलेल्या भिलई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून लोखंडकाम या गावाच्या अंगात भिनलंय. भिलईतल्या कोहक्यात कुणी घरामागे लेथ बसवायचं म्हटलं, की मला मनापासून आनंद होतो. पण मी आधी जमीन बघतो.

इथे दुर्ग भागात बऱ्याच ठिकाणी काळी कन्हार माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसती फरशी टाकून टनभराचं यंत्र ठेवलं, तर हळूहळू बेडला पीळ बसतो आणि सरळ कातलेला दांडाही एका टोकाला निमुळता निघतो. म्हणून माती खोल उकरून मुरूम भरा, चांगला ठोका, वर सळई घालून सहा इंची काँक्रीट ओता. त्यावर महिनाभर यंत्र ठेवायची घाई करू नका. मग लेव्हल लावून, पत्र्याच्या पट्ट्या सारून लेथ जुळवा आणि शेवटी बोल्ट आवळा.

तीन अश्वशक्तीच्या मोटरीला थ्री-फेज जोडणी आणि चोख अर्थिंग हवं. वीज जाऊन परत आली तरी मोटर आपोआप सुरू होणार नाही, असाच स्टार्टर घ्या. यात पैसे वाचवू नका.

लेथच्या जोडीला ग्राइंडर असेल तर त्याचा टेकू चाकापासून तीन मिलिमीटरच्या आत ठेवा, नाहीतर काम मध्ये अडकून चाक फुटतं. आणि लेथ चालू असताना हातमोजे अजिबात नकोत. फिरता चक कापड धरतो, कापडाबरोबर हातही ओढतो. घरात लहान मुलं असतील तर मेन स्विचला कुलूप घाला.