मालवींना गेलेली चिठ्ठी

सुरतेच्या काँग्रेसचा विषय निघाला की मराठी माणसाला जोडा आठवतो. २७ डिसेंबर १९०७ रोजी मंडपातून भिरकावलेला तो लाल कातड्याचा मराठी जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या गालाला लागून फिरोजशहा मेहतांवर आदळला. इंग्रज वार्ताहर हेन्री नेव्हिन्सन तिथे हजर होता. त्याने जोड्याच्या तळाचं शिसंसुद्धा नोंदवून ठेवलं आहे. नेम कोणावर धरला होता, यावर पुढे भरपूर शाई सांडली. मला मात्र जोड्याआधीची एक चिठ्ठी जास्त महत्त्वाची वाटते.

जहाल आणि मवाळांचं भांडण आधीपासूनच शिजत होतं. अधिवेशन नागपूरला व्हायचं ते सुरतेला हलवलं गेलं. कलकत्त्याला १९०६ साली संमत झालेले स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षणाचे ठराव आता पातळ होणार, अशी कुणकुण जहालांना लागली होती. २६ तारखेला सुरेंद्रनाथ अध्यक्षपदासाठी रासबिहारी घोषांच्या नावाला अनुमोदन द्यायला उठले आणि असा गोंगाट झाला की सभा तहकूब करावी लागली. तहकुबी हे अध्यक्षाच्या बटव्यातलं जुनं औषध. पण ते लागू पडायला मधल्या वेळात दोन्ही बाजूंची बोलणी व्हावी लागतात, आणि ती काही जमली नाहीत.

दुसऱ्या दिवशी टिळकांनी स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास मालवींना चिठ्ठी पाठवली: अनुमोदन झाल्यावर मला बोलायचं आहे, तहकुबीची सूचना मांडायची आहे, माझं नाव पुकारा. उत्तर आलं नाही. नावही पुकारलं गेलं नाही. मोतीलाल नेहरूंनी पाठिंबा दिला, निवड जाहीर झाली, घोष भाषणाला उभे राहिले, तसे टिळक व्यासपीठावर चढले. मालवींनी त्यांचं बोलणं नियमबाह्य ठरवलं. टिळक हाताची घडी घालून उभेच. लोक त्यांच्या अंगावर धावले, तेव्हा त्यांना वाचवायला दोन्ही हात पसरून आडवे आले ते गोखले! मग जोडा, खुर्च्या, काठ्या, आणि शेवटी मंडप रिकामा करायला पोलीस.

मवाळांच्या लेखी निवड स्वागत समितीने आधीच केलेली होती. मंडपातला ठराव हा नुसता उपचार. टिळकांच्या लेखी अंतिम अधिकार प्रतिनिधींचा. नियमाचा कीस दोन्हीकडून काढता येतो. पण समितीच्या अधिकारावरच वाद असताना पंच कोण, तर त्याच समितीचे अध्यक्ष. अशा माणसाने चिठ्ठीला उत्तर न देणं हेसुद्धा निर्णय देणंच झालं, आणि तोही कारण न सांगता. मालवींनी भर सभेत स्पष्ट ‘नाही’ म्हटलं असतं तरी गोंधळ कदाचित झालाच असता. निदान तो त्या ‘नाही’वर झाला असता.

पंचावरच आक्षेप असेल तर पंच कोण, हा प्रश्न पुढे लोकसभेतही आला. तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्यावर पक्षपाताचा आरोप १८ डिसेंबर १९५४ रोजी आला, तोही त्यांना पदावरून दूर करण्याच्या ठरावाच्या रूपाने. ठराव फेटाळला गेला, पण त्या चर्चेला आसनावर होते उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार. राज्यघटनेचं ९६ वं कलमच तसं आहे: अध्यक्षाला हटवण्याचा ठराव विचारात असताना त्याला आसनावर बसता येत नाही. मात्र सभागृहात राहून त्याला आपली बाजू मांडता येते आणि इतर सदस्यांसारखं एक मतही देता येतं. दोन्हीकडे समान मतं पडली, तर निर्णायक मत तेवढं त्याच्याकडे नसतं.