कॅमेऱ्यात नेमकं काय सोपं व्हावं?

लग्नाच्या हॉलमध्ये गळ्यात कॅमेरा अडकवून फिरणाऱ्या हौशी काकांना कधीतरी स्वतःही फोटोत यायचं असतं. ते कॅमेरा शेजारच्या कुणाच्या तरी हातात देतात आणि लगेच विचारणा होते, "काका, कुठलं बटण दाबायचं?" बटण दाखवून भागत नाही. ते आधी अर्धं दाबायचं, फोकसचा चौकोन चेहऱ्यावर आला की मग पूर्ण दाबायचं. चौकोन दोघांच्या मधल्या फटीत राहिला, तर मागची फुलांची आरास अगदी लख्ख येते आणि माणसं पुसट. शेवटी कुणीतरी खिशातून मोबाइल काढतं, आणि दुसऱ्या मिनिटाला फोटो घरच्या ग्रुपवर पोचलेला असतो.

कॅमेऱ्यांच्या बाजाराचं गेल्या काही वर्षांत काय झालं, ते या प्रसंगात दिसतं. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या 'सिपा' या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये जगभरच्या बाजारात सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे गेले. २०२३ मध्ये हा आकडा ८० लाखांच्याही खाली होता. खिशात मावणारे साधे कॅमेरे मोबाइलने जवळपास संपवले. जे उरले, त्यांत मोठे, महाग आणि बटणांनी भरलेले कॅमेरेच जास्त.

मग हे कॅमेरे सोपे करावेत का? करावेतच. पण सोपं करण्याचे दोन प्रकार आहेत. एकात माणसाची मेहनत कमी होते, दुसऱ्यात माणसाचा निर्णयच काढून घेतला जातो. गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत लोकांनी मनापासून स्वीकारलेले कॅमेरे पाहिले, तर त्यांतले बरेचसे पहिल्या प्रकारचे आहेत.

जॉर्ज ईस्टमन हा न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावचा बँक कारकून. त्याच्या तरुणपणी छायाचित्रण म्हणजे काचेच्या पट्टीवर रसायन लावायचं, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत धुवायची. बाहेरगावी फोटो काढायला जाणारा माणूस काळोख्या तंबूसह अख्खी प्रयोगशाळा पाठीवर घेऊन जायचा. १८८८ मध्ये ईस्टमनने २५ डॉलरचा 'कोडॅक' कॅमेरा बाजारात आणला. आत शंभर फोटोंचा रोल भरलेला असे. दोरी ओढायची, किल्ली फिरवून फिल्म पुढे घ्यायची आणि बटण दाबायचं. रोल संपला की कॅमेरा जसाच्या तसा कारखान्यात पाठवायचा. १० डॉलरमध्ये फोटो छापून मिळत आणि कॅमेरा नवा रोल भरून परत येई. पुढे १९०० मध्ये आलेल्या 'ब्राउनी'ची किंमत अवघी एक डॉलर होती. ईस्टमनने गिऱ्हाइकाच्या डोक्यावरचं रसायनशास्त्राचं ओझं उतरवलं. कुठे उभं राहायचं आणि कधी बटण दाबायचं, हे मात्र गिऱ्हाइकाकडेच राहिलं.

आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत एके काळी दिसणारा 'आग्फा क्लिक थ्री' याच जातीचा. एका रोलवर बारा चौकोनी फोटो. सहलीहून परतल्यावर रोल धुवायला टाकायचा आणि स्टुडिओच्या पाकिटाची वाट पाहायची.

या सगळ्यांत विचारपूर्वक घडवलेला कॅमेरा म्हणून १९६७ सालच्या 'ऑलिम्पस ट्रिप ३५' चं नाव घ्यायला हवं. त्याला बॅटरी लागत नाही. भिंगाभोवतीची सेलेनियमची कडी उजेडावर चालते आणि उजेड किती आहे तेही तीच मोजते. अंतरासाठी चार चित्रं आहेत, त्यांत एका टोकाला एकट्या माणसाचं आणि दुसऱ्या टोकाला डोंगराचं. उजेड पुरेसा नसेल तर डोळ्यासमोर छोटी लाल पट्टी वर येते आणि बटण दाबलंच जात नाही. मीटरचा काटा वाचता येत नसला तरी 'इथे जमणार नाही, उजेडात चल' हा निरोप कुणालाही कळतो. प्रवासाला निघालेल्या सामान्य माणसाला याहून जास्त काय सांगायला हवं?

आजच्या ऑटो मोडची अडचण नेमकी इथे आहे. तो सगळं ठरवतो आणि का ठरवलं ते सांगत नाही. संध्याकाळी ट्यूबलाइटच्या उजेडात मूल घरभर पळतं आहे. ऑटो मोड उजेड कमी म्हणून शटर सेकंदाचा साठावा भाग उघडं ठेवतो आणि मुलाचे हातपाय फरपटलेले येतात. शटर पाचशेव्या भागावर नेलं तर मूल हवेत थबकलेलं मिळेल, थोडे रवाळ कण दिसतील इतकंच. आता आई-बापाला काय हवं आहे, हे कॅमेऱ्याला कसं कळणार? पांढऱ्या गोष्टींचंही तसंच. समोरचं दृश्य सरासरी करड्या छटेचं आहे असं कॅमेऱ्याचं मीटर धरून चालतं, म्हणून बर्फ किंवा पांढरीशुभ्र साडी मळकट दिसू शकते. उपाय एका चाकाचा आहे, उजेड एक पायरी वाढवायचा. पण ते चाक कुठे आहे, हे कॅमेरा विकत घेणाऱ्या किती जणांना कुणी दाखवतं?

जाणकार मंडळी म्हणतात, शिकावं की माणसाने. अॅपर्चर, शटर, आयएसओ यांचं गणित काही अवघड नाही. त्यांचं म्हणणं खरं आहे. फक्त शिकण्याची वाट कॅमेऱ्यातूनच निघायला हवी, कित्येक पानांच्या माहितीपुस्तकातून नव्हे. निकॉनच्या २०१४ सालच्या डी३३०० मध्ये अशी वाट होती. त्याच्या 'गाइड' मोडमध्ये आधी हेतू निवडायचा: मागचं पुसट करायचं आहे, हालचाल गोठवायची आहे की वाहतं पाणी दाखवायचं आहे. पावसाळ्यात आंबोलीच्या धबधब्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला मनातली गोष्ट यादीतच सापडे. मग कॅमेरा योग्य मोड लावी आणि आकडा समोर ठेवी, हवा तर बदला. चार वेळा असं केलं की आकड्याचा अर्थ आपोआप उमगतो. विशेष म्हणजे या कॅमेऱ्याच्या मेनूच्या भाषांमध्ये मराठीही होती. २०१८ च्या डी३५०० नंतर ही मालिका पुढे सरकली नाही, आणि नवख्यांचं त्यात खरंच नुकसान झालं.

सोनीने २०२० मध्ये झेडव्ही-१ ला मागचं दृश्य पुसट किंवा स्पष्ट करणारं एक वेगळं बटण दिलं. आत बदलतं ते अॅपर्चरच, पण वापरणाऱ्याला परिणाम डोळ्यांसमोर दिसतो. प्रत्येक कंपनीने अशी दोन-तीन बटणं द्यायला काय हरकत आहे?

खरी कटकट फोटो काढल्यानंतर सुरू होते. मोबाइलवर कंपनीचं अॅप घ्या, ब्लूटूथ जोडा, मग वाय-फाय जोडा, मध्येच जोडणी तुटली की पुन्हा पहिल्यापासून. मेनूची पानं उलटत मेमरी कार्ड पुसण्याचा पर्याय शोधा. यात कलेचा संबंध नाही, कुणाचं कौशल्यही वाढत नाही. १८८८ मधल्या रसायनांसारखंच हे निव्वळ ओझं आहे, आणि कंपन्यांनी सगळी हुशारी इथे ओतायला हवी.

तोवर दुकानात गेलेल्या माणसाने मेगापिक्सेल विचारण्याआधी विक्रेत्याची मदत न घेता तीन कामं करून पाहावीत: काउंटरपलीकडच्या माणसाचा फोटो काढायचा, तोच फोटो थोडा उजळ करून पुन्हा काढायचा आणि दोन्ही आपल्या मोबाइलवर घ्यायचे. ज्या कॅमेऱ्यावर हे जमेल, तो आधी हातात घ्यावा.