हेरेसच्या घोडेजत्रेतली रात्र

हेरेस दे ला फ्रोंतेरा (स्पेन)

मार्गशीर्षात एकमुखी दत्ताच्या यात्रेला सारंगखेड्यात घोड्यांचा बाजार भरतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना इथली मे महिन्यातली ‘फेरिया देल काबायो’ परकी वाटणार नाही. काबायो म्हणजे घोडा. ही जत्राही मध्ययुगातल्या गुराढोरांच्या बाजारातून वाढली. आता खरेदी-विक्री मागे पडून घोड्यांचा आणि घोडेस्वारांचा थाट पुढे आला आहे. १९७३ साली सुरू झालेली अश्वकलेची शाळाही याच गावात आहे.

दिवस घोड्यांचा, रात्र मात्र ‘कासेतां’ची, म्हणजे खाण्यापिण्याच्या मांडवांची. सेव्हिलच्या जत्रेत बहुतेक मांडव खासगी असतात. हेरेसमध्ये बहुतांश मांडवांत कुणीही शिरावं. त्यामुळे परका माणूसही थेट ‘बारा’पाशी, म्हणजे काउंटरपाशी, उभा राहतो. तिथे चार शब्द यायलाच हवेत.

वेटरला हाक मारायची ती ‘पेर्दोना’ अशी. मग ‘पोनमे उना कान्या, पोर फावोर’: एक छोटा ग्लास बिअर द्या. ‘पोनमे’ हे सरळ ‘दे’ आहे, पण त्यात उर्मटपणा नाही. खानदेशातल्या माणसाला हा मोकळेपणा लगेच जमेल. इथे माप लहान मागतात, कारण ग्लास हातात घेऊन तासन्‌तास गप्पा मारायच्या असतात. जत्रेचं खास पेय ‘रेबुहितो’: फिनो वाइन, लिंबाच्या चवीचा सोडा, बर्फ आणि पुदिना. ते ‘हारा’त, म्हणजे जगमध्ये, येतं आणि सगळ्यांत वाटून घेतात. थंड, गोडसर लागतं, म्हणून सरबतासारखं पिऊ नका. नुसत्या फिनोतच सुमारे १५ टक्के अल्कोहोल असतं.

सोबत खाणं हवंच. ‘तापा’ म्हणजे चवीपुरती बशी, ‘रासिओन’ म्हणजे पूर्ण ताटली, ‘मेदिया रासिओन’ म्हणजे अर्धी. माळकरी, शाकाहारी मंडळींनी नीट ऐकावं: नुसतं ‘सिन कार्ने’, मांसाशिवाय, म्हटलं तर हामोनचे, म्हणजे सुकवलेल्या डुकराच्या मांसाचे, तुकडे किंवा ‘आतून’, म्हणजे ट्यूना मासा, येऊ शकतो, कारण अनेकांच्या लेखी ते ‘कार्ने’ नव्हेच. म्हणून स्पष्ट सांगायचं, ‘सिन हामोन, सिन आतून’. पालक-हरभऱ्याची ‘एस्पिनाकास कोन गार्बान्सोस’ दिसली तर जरूर मागवा. जिरं घातलेली ही भाजी भाकरीची आठवण काढायला लावते.

न पिणाऱ्यांनीही संकोचू नये. ‘उना सिन’ म्हटलं की अल्कोहोल नसलेली बिअर मिळते आणि कुणी आग्रह करत नाही. आपल्याकडच्या मैफलींनी हे जरूर उचलावं.

पैसे शेवटी. ‘क्वांतो एस?’, किती झाले? गावातल्या जुन्या ‘ताबांको’ गुत्त्यांत अजूनही लाकडी काउंटरवर खडूने हिशेब मांडतात. कुणी ‘इन्वितो यो’ म्हणालं, तर ही फेरी त्याची. पुढची तुम्ही द्यायची.