हरळीला किती युरिया?

वडगाव रासाईच्या शिवारात, भीमाकाठच्या उसात हरळी दिसली, की खुरपणाऱ्या बाया ती मुळासकट उपटून बांधावर फेकतात. तीच हरळी पुण्याच्या बंगल्यात ‘लॉन’ म्हणून मिरवते आणि तिची निगा राखायला आपली मुले माळीकामाला जातात. काम मिळते, पण खताचा हिशेब कोणी शिकवीत नाही. मूठ जास्त पडून हिरवळ करपली, की बोल माळ्याला लागतो. कधी कामही जाते. म्हणून हा हिशेब ध्यानात ठेवावा.

गवताची मोठी भूक नत्राची. दर कापणीला पात्याबरोबर नत्रही जाते, म्हणून ते पुन्हा द्यावे लागते. युरियात ४६ टक्के नत्र असते. हरळी वाढीला असताना १००० चौरस फूट जागेला महिन्याला अर्धा किलो युरिया पुरतो. खेळाच्या मैदानासारखी जागा फार तुडवली जात असेल, तर जास्तीत जास्त एक किलो, तोही दोन हप्त्यांत. कोरियन गवताला याहून कमी लागते. थंडीत हरळीची वाढ मंदावते, तेव्हा हात आखडावा. मुसळधार पावसातही खत टाकू नये, ते वाहून जाते.

खत अंदाजाने नको, तराजूने मोजावे. कोरड्या चाळलेल्या मातीत मिसळून निम्मे उभे, निम्मे आडवे फेकावे. पाती कोरडी असावीत. ओल्या पात्याला युरिया चिकटला तर पाते जळते. टाकल्यावर लगेच पाणी द्यावे, नाहीतर नत्र हवेत उडते. कापलेले बारीक गवत तिथेच राहू दिले, तर त्यातले नत्र मातीत परत जाते आणि खताचा खर्च वाचतो.

जुनी पाती फिकी पडली तर नत्र कमी आहे असे समजावे. मात्र कोवळी पाती पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर बहुधा लोहाची उणीव असते. चुनखडीच्या जमिनीत असे होते. तिथे युरियाचा उपयोग नाही.

शहरातली हिरवळ असो की गावातला ऊस, जादा नत्र पाण्याबरोबर खाली झिरपते आणि नायट्रेट होऊन विहिरीत उतरते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा आहे. त्याहून जास्त नायट्रेटच्या पाण्यात वरचे दूध कालवून दिले, तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते, बाळ निळसर पडू शकते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. म्हणून आयाबहिणींनी सहा महिन्यांपर्यंत बाळाला अंगावरचेच दूध पाजावे आणि विहिरीचे पाणी ग्रामपंचायतीमार्फत तपासून घ्यावे.

मोजून टाकलेले खत माळ्याचे काम राखते, मालकाचा पैसा राखते आणि गावाचे पाणीही राखते.