फौजी दृष्टि आणि चाळिशी

चाकणच्या एखाद्या मोठ्या कारखान्याच्या फाटकाशीं थोडा वेळ उभें राहिलें, तर एक दृश्य हटकून दिसतें. मालट्रक येऊन थांबतो, चालक कागद पुढें करतो, आणि पहाऱ्यावरील गृहस्थ तो कागद हात लांब करून, मान मागें नेऊन वाचूं लागतात. हे गृहस्थ पुष्कळदां निवृत्त सैनिक असतात. आपल्या वाचकांपैकीं कित्येकांचे वडील अथवा आजोबा याच वर्गांतले आहेत; म्हणून या लांब केलेल्या हाताविषयीं चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटलें.

सन २०२२ पूर्वींच्या रीतीनें शिपाई ऐन तारुण्यांत भरती होई, व पंधरा वर्षांच्या नोकरीनंतर त्यास निवृत्तिवेतनाचा हक्क मिळे. त्यामुळें पुष्कळ जवान चाळिशीच्या आसपास घरीं परततात, आणि नेमकी त्याच सुमारास दुसरी चाळिशी, म्हणजे नाकावरची, दाराशीं येऊन उभी राहते. आपल्या भाषेनें वयाला आणि चष्म्याला एकच नांव दिलें आहे, तें उगीच नव्हे. डोळ्यांतील भिंग बालपणीं लवचिक असतें. जवळचें पाहतांना तें फुगतें, दूरचें पाहतांना सपाट होतें. वय वाढतां वाढतां तें ताठर होत जातें, व जवळचीं अक्षरें फुटूं लागतात. दूरची दृष्टि मात्र चांगली राहूं शकते. येथेंच घोटाळा होतो. भरतीच्या वेळीं उत्तम ठरलेला डोळा अजूनहि दूरच्या ट्रकचा क्रमांक वाचतो, मग "मला चष्मा कशाला?" असें सैनिक अभिमानानें म्हणतो. वस्तुतः हा रोग नव्हे, आणि त्यांत कमीपणा तर मुळींच नाहीं.

परंतु अंधुक दिसण्याचें प्रत्येक कारण चाळिशी नसतें, ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतों. रस्त्यावरच्या दुकानांतून तयार चष्मा घेतला, दोन्ही डोळ्यांस एकच नंबर लावला, वाचतां येऊं लागलें, आणि प्रकरण मिटलें असें समजणारे पुष्कळ आहेत. त्या विक्रेत्यानें डोळ्याच्या आंत पाहिलेलें नसतें. काचबिंदु बहुधा वेदना न देतां बाजूची दृष्टि हळूहळू खातो, आणि गेलेली दृष्टि कोणत्याहि उपायानें परत येत नाहीं. वेळींच कळला तर उरलेली राखतां येते. मधुमेहानें होणारी नेत्रपटलाची हानिहि अशीच आरंभीं मुकी असते.

मोतीबिंदूची गोष्ट त्या मानानें सुखाची आहे. सन १९४० मधील हवाई युद्धांत ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या पारदर्शक छताच्या कपच्या शिरल्या. हॅरॉल्ड रिडले या नेत्रवैद्यानें पाहिलें, कीं या प्लॅस्टिकच्या कपच्या डोळा मुकाट्यानें सहन करतो. त्यावरून त्यानें कृत्रिम भिंग सिद्ध केलें, आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजीं लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयांत तें प्रथम रुग्णाच्या डोळ्यांत बसविलें. आज आपल्या आजीच्या डोळ्यांत जें भिंग आहे, त्याचा उगम असा सैनिकांच्या जखमेंत आहे.

आतां हक्काविषयीं. नोकरींतील सैनिकास व त्याच्या अवलंबितांस लष्करी रुग्णालयांत उपचार मिळतात. निवृत्तांसाठीं १ एप्रिल २००३ पासून ईसीएचएस ही अंशदायी आरोग्य योजना चालू आहे. एकदांच वर्गणी भरून निवृत्तिवेतनधारक, त्याची पत्नी व अवलंबित कुटुंबीय सभासद होतात. १ जानेवारी १९९६ पूर्वीं निवृत्त झालेल्यांस व वीरपत्नींस ती वर्गणीहि माफ आहे. प्रथम योजनेच्या पॉलिक्लिनिकांत जावें. तेथील डॉक्टर जरूर तर शिफारसपत्र देऊन मान्यताप्राप्त रुग्णालयाकडे पाठवितात, आणि तेथें रोख पैसे न भरतां उपचार होतो. चष्म्याच्या खर्चाचे नियम व मर्यादा बदलत असतात. ते खरेदीपूर्वीं विचारून घ्यावे व पावती जपून ठेवावी. कार्ड काढण्याची रीत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांतहि समजून घेतां येते.

आमची खरी तक्रार घरच्या माणसांविषयीं आहे. पुष्कळ घरीं वडिलांचें कार्ड असतें, आईचें मात्र "पुढें पाहूं" म्हणून राहिलेलें असतें. ती तांदूळ निवडते, सुईंत दोरा ओवण्यासाठीं मुलाला हांक मारते, आणि कुणालाच त्यांत कांहीं वावगें दिसत नाहीं. पतीच्या पश्चात् कुटुंबनिवृत्तिवेतन घेणारी पत्नीहि या योजनेस पात्र असते, हें कित्येकींस ठाऊक नसतें.

तपासणीस जातांना कार्ड, जुना चष्मा आणि चालू औषधांची चिठ्ठी बरोबर घ्यावी. डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. त्यानंतर कांहीं तास जवळचें अंधुक दिसतें व ऊन सहन होत नाहीं. अशा वेळीं पुणें-नाशिक रस्त्यावरच्या अवजड गाड्यांच्या गर्दींत स्वतः दुचाकी चालवीत परत येऊं नये. मुलांपैकीं कोणीतरी सोबत जावें, आणि दवाखान्यांतील अर्ज वाचून दाखविण्याचें कामहि त्यानेंच करावें.